नर्सिंग झालं, आता नोकरी कुठं? सांगली-मिरजेत पहिली ड्युटी शोधणाऱ्यांसाठी

जीएनएमचा (नर्सिंग डिप्लोमाचा) किंवा बीएस्सी नर्सिंगचा निकाल लागला की घरात पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या आठवड्यापासून प्रश्न सुरू होतो, "मग, कुठं लागली का?" जाहिरात बघावी तर "किमान एक वर्षाचा अनुभव". अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. मी मिरजेत वॉर्डमध्ये काम करते, नवीन मुलींना हाताखाली घेते आणि त्यांच्या मुलाखतींनाही बसते. दरवर्षी तेच घोळ, तेच फोन. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. मुलांनाही, म्हणजे आमच्या ब्रदर मंडळींनाही, यातलं जवळपास सगळं तसंच लागू आहे.

सुरुवातीलाच एक सांगते. पहिली नोकरी पगाराकडे बघून घेऊ नका आणि इमारतीच्या काचांकडे बघून तर मुळीच नको. ती दोन गोष्टींसाठी घ्यायची. एक, हात बसला पाहिजे. दोन, तिथून निघताना मिळणारं अनुभवाचं पत्र पुढे कुठंही चाललं पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

१. आधी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, मग बायोडाटा

महाराष्ट्र परिचर्या परिषदेची, म्हणजे मुंबईच्या आपल्या कौन्सिलची नोंदणी हातात असल्याशिवाय तुम्ही कागदोपत्री नर्स नाही. निकाल कितीही चांगला असो. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ खाली ही नोंदणी होते, आणि चांगलं हॉस्पिटल मुलाखतीला पहिला कागद हाच मागतं. काही ठिकाणी "रजिस्ट्रेशन येईपर्यंत ट्रेनी म्हणून या" म्हणतात. जायला हरकत नाही, पण ते दिवस अनुभव म्हणून धरले जात नाहीत हे लक्षात ठेवून जा. सरकारी भरतीत अनुभव मोजतात तो नोंदणीनंतरचा.

अर्ज ऑनलाइन होतो. अर्ज अडतो तो एकाच कारणाने: नावात. दहावीच्या सनदेवर "सुवर्णा", आधारवर स्पेलिंग वेगळं, जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव अर्धवट. कॉलेजमध्ये असतानाच हे सगळे कागद एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. आधार दुरुस्त करणं सगळ्यात सोपं, म्हणून शक्यतो आधार दहावीच्या सनदेप्रमाणे करून घ्या. मार्कशीटची चूक मात्र परीक्षा मंडळाकडून नाहीतर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून दुरुस्त करून आणावी लागते. ते काम कॉलेजच्या क्लार्कमार्फत, तुम्ही कॉलेज सोडायच्या आत सुरू झालेलं बरं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत आणि विवाह नोंदणीचा दाखला दोन्ही लागतात.

नोंदणी पाच वर्षांची असते. नूतनीकरणाची तारीख मोबाईलमध्ये आत्ताच टाका आणि सीएनईची म्हणजे कार्यशाळांची प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून एका फाईलला लावत जा. पाचव्या वर्षी सगळे धावपळ करतात.

आता सांगली जिल्ह्याचा खास प्रश्न. जत, कवठेमहांकाळ, मिरज भागातल्या कितीतरी मुली बेळगाव, विजापूर किंवा थेट बंगळूरला नर्सिंग करतात. तुमची नोंदणी कर्नाटकच्या कौन्सिलकडे झालेली असते. ती घेऊन मिरजेत काम करायचं तर तिकडून ना-हरकत दाखला आणि पडताळणी मागवून इथे महाराष्ट्रात नोंदणी करून घ्यावी लागते. याला वेळ लागतो. नोकरी लागल्यावर बघू असं करू नका, निकालाबरोबरच सुरू करा. आणि ज्यांचा प्रवेश अजून व्हायचा आहे त्यांनी कॉलेज भारतीय परिचर्या परिषदेच्या मान्यतेच्या यादीत आहे का, हे फी भरण्याआधी बघावं. एजंट "सगळं आहे" म्हणतो. यादी स्वतः उघडून बघा.

२. फाईल अशी लावा

एक जाड प्लॅस्टिकची फाईल घ्या. ओरिजिनल वेगळ्या, झेरॉक्सचे तीन सेट वेगळे. शिवाय प्रत्येक कागद स्कॅन करून मोबाईलमध्ये आणि स्वतःच्या ईमेलला पाठवून ठेवा.

खासगी हॉस्पिटलसाठी:
- कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र
- दहावी, बारावीची मार्कशीट आणि सनद
- नर्सिंगच्या सगळ्या वर्षांच्या (किंवा सेमिस्टरच्या) मार्कशीट, डिप्लोमा अथवा पदवी, शाळा सोडल्याचा दाखला
- आधार, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान
- हेपॅटायटिस बी लसीची नोंद (तीन डोस: पहिला, एक महिन्याने, सहा महिन्यांनी)
- बीएलएसचं (जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपायांच्या प्रशिक्षणाचं) प्रमाणपत्र, असेल तर
- पासपोर्ट फोटो, ते पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे

सरकारी भरतीसाठी याच्यावर आणखी: वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, एमएस-सीआयटी, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र. यातली जात वैधता सगळ्यात जास्त रखडते. जाहिरात आल्यावर अर्ज केला तर मुदतीत हातात पडेलच असं नाही. नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपलेली असते आणि ते पडताळणीच्या दिवशी कळतं, हेही दरवर्षीचं. दाखले 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा गावातल्या महा-ई-सेवा केंद्रातून काढा आणि जूनमध्ये कॉलेजच्या ॲडमिशनची गर्दी सुरू व्हायच्या आत उरका.

बीएलएसचा कोर्स एका दिवसाचा असतो, प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. अनुभव नसलेल्या उमेदवाराकडे हा एक कागद असला की मॅट्रन मॅडमची, म्हणजे हॉस्पिटलच्या मुख्य परिचारिकेची, नजर तिथं थांबते. पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले यावर करा. "ॲडव्हान्स्ड आयसीयू डिप्लोमा" वगैरे नावाचे तीन महिन्यांचे खासगी कोर्स विकणारे बरेच आहेत. त्यातल्या बहुतेकांना भरतीत काडीची किंमत नाही.

३. हॉस्पिटल निवडताना आधी खाटा मोजा

मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे, आजपासून नव्हे. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून कर्नाटकातले आणि सोलापूरकडचे पेशंट रेल्वेने मिरजेला उतरतात. त्यांच्या मागोमाग एक-एक करून खासगी हॉस्पिटलं झाली. आज मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय म्हणजे आपलं सिव्हिल, सांगली-मिरज रस्त्यावर भारती, मिरजेतच कॅन्सरचं सिद्धिविनायक. विश्रामबागपासून मिरजेच्या गांधी चौकापर्यंत लहान-मोठी खासगी हॉस्पिटलं तर किती. कऱ्हाडला कृष्णा आहे. साताऱ्यात जिल्हा रुग्णालय आणि त्याला जोडून नवं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे जागा नाहीत असं नाही. प्रश्न कुठल्या जागेने तुमचं पुढचं काम होईल एवढाच.

दहा-पंधरा खाटांचं नर्सिंग होम. इथे नोकरी पटकन मिळते, बहुतेक वेळा त्याच दिवशी. डिलिव्हरीपासून ओटीपर्यंत सगळं बघायला मिळतं. पण शिकवायला सीनियर नसते, रात्री तुम्ही आणि एक मावशी, आणि डॉक्टर वरच्या मजल्यावर झोपलेले. शिवाय या अनुभवाला पुढे सगळीकडे मान नाही. उदाहरण सांगते. एम्सची नॉरसेट ही परिचारिका भरतीची परीक्षा जीएनएमवाल्यांनाही देता येते, पण त्यासाठी नोंदणीनंतर किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलमधला दोन वर्षांचा अनुभव लागतो. बीएस्सीला ही अट नाही. आता एखादीने बारा खाटांच्या ठिकाणी मान मोडून तीन वर्षं काढली, तर त्या अर्जात ती तीन वर्षं शून्य. माझ्या ओळखीतल्या एका हुशार मुलीचं नेमकं हेच झालं.

म्हणून जीएनएमवाल्यांनो, ५० खाटांच्या खाली शक्यतो जाऊ नका. जावंच लागलं तर सहा महिन्यांपुरतं.

५० ते १०० खाटांचं मल्टिस्पेशालिटी. पहिल्या नोकरीला माझ्या मते हेच सगळ्यात चांगलं. इनचार्ज सिस्टर असते, हँडओव्हरची शिस्त असते, आणि महात्मा फुले योजनेचे पेशंट असले तर कामाची विविधताही भरपूर. एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाचं) मानांकन असलेलं किंवा त्याच्या तयारीत असलेलं हॉस्पिटल मिळालं तर फारच छान. तिथे प्रत्येक गोष्ट लिहायला लावतात. सुरुवातीला जीव मेटाकुटीला येतो, पण चार्ट भरायची सवय आयुष्यभर पुरते.

कॉलेजला जोडलेली मोठी हॉस्पिटलं. खाटा शेकड्यांनी, अनुभवपत्र सगळीकडे चालतं, हॉस्टेल असण्याची शक्यता जास्त. इथे मात्र एकाच वॉर्डात वर्ष निघू शकतं. बदली मागून घ्या.

कुठेही गेलात तरी पहिलं वर्ष जनरल मेडिसिन किंवा सर्जरी वॉर्डमध्ये काढा. "दिसायला स्मार्ट आहेस, फ्रंट डेस्कला बस" किंवा "कॉम्प्युटर येतो ना, कॅशलेसच्या टेबलाला बस" असं म्हणून पगार थोडा जास्त देतात. वर्षभराने अनुभवपत्रावर स्टाफ नर्स लिहिलेलं असतं आणि पुढच्या मुलाखतीत शीर सापडत नाही. आयसीयूचंही तसंच. आयसीयू वाईट नाही, पण पहिल्याच महिन्यात दोन व्हेंटिलेटर तुमच्या एकटीवर टाकणार असतील तर नको. मुलाखतीत सरळ विचारा: "रात्री एका स्टाफला किती पेशंट असतात? नवीनबरोबर सीनियर किती दिवस असते?" चांगल्या मॅट्रन हा प्रश्न ऐकून रागावत नाहीत.

४. जागा निघतात कधी आणि कळतात कशा

पेपरात आणि मोबाईलवर येणाऱ्या जाहिराती हा एक भाग झाला. खरी भरती तोंडी होते. सरकारी भरतीचे नियुक्ती आदेश निघाले की खासगी हॉस्पिटलमधल्या सीनियर एका आठवड्यात राजीनामे देतात. त्या वेळी मॅट्रन अक्षरशः मुली शोधत असतात. वैद्यकीय शिक्षण विभागाची किंवा आरोग्य विभागाची निवड यादी लागल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी फाईल घेऊन बाहेर पडा. पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट वाढतात तेव्हाही मागणी असते, आणि लग्नसराईत कितीतरी मुली सोडून जातात तेव्हाही.

प्रत्यक्ष जाताना सकाळी अकरा ते एक ही वेळ बरी. त्याआधी राउंड चालू असतो. रिसेप्शनला बायोडाटा ठेवून येऊ नका, तो तिथल्या ड्रॉवरमध्येच राहतो. "मॅट्रन मॅडमना भेटायचंय" असं सांगा आणि थांबा. बायोडाटा एका पानाचा, त्यात नोंदणी क्रमांक सगळ्यात वर, ट्रेनिंगमध्ये कुठल्या हॉस्पिटलात कुठल्या वॉर्डला पोस्टिंग झालं ते स्पष्ट. छंद नकोत.

आणि कॉलेजच्या ट्रेनिंगमधल्या इनचार्ज सिस्टरना फोन करायला लाजू नका. त्यांनी तुमचं काम पाहिलेलं असतं. त्यांचा एक फोन दहा अर्जांना भारी पडतो.

५. मुलाखत: पाठांतर नको, हे एवढं पक्कं करा

मुलाखतीला "तुमची पाच वर्षांनंतरची स्वप्नं काय" असलं फारसं कोणी विचारत नाही. विचारतात ते वॉर्डातलं. मी स्वतः हमखास विचारते ते प्रश्न इथेच देते.

सलाईनचा वेग. "५०० मिली आठ तासांत द्यायचंय, साधा सेट आहे, मिनिटाला किती थेंब?" साध्या सेटला बहुधा मिलीलीटरला २० थेंब असतात, पाकिटावर छापलेलं असतं. ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००. आठ तास म्हणजे ४८० मिनिटं. भागिले की २०.८, म्हणजे साधारण २१ थेंब. मायक्रो सेटला मिलीलीटरला ६० थेंब असतात, म्हणून तिथे हिशेबच नाही: तासाला जितके मिली, तितकेच मिनिटाला थेंब. कागद मागून मांडून दाखवलंत तरी चालतं. अंदाजाने "तीस-चाळीस" म्हणालात तर मुलाखत तिथेच संपली म्हणून समजा.

इन्सुलिन. ४० युनिटची व्हायल (मिलीलीटरला ४० युनिट) असेल तर लाल टोपणाची सिरिंज, १०० युनिटची असेल तर केशरी. उलट झालं तर काय होतं हे सांगता आलं पाहिजे. १०० च्या व्हायलमधलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने दहाच्या खुणेपर्यंत भरलं तर पेशंटला दहा नाही, पंचवीस युनिट जातात.

पोटॅशियम क्लोराइड. थेट शिरेतून कधीही नाही, पातळ करूनच आणि सावकाश. हे उत्तर देताना अडखळू नका.

सीपीआर. मोठ्या माणसात ३० दाब आणि २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, खोली ५ ते ६ सेंटिमीटर. "आधी काय कराल?" याला उत्तर "मदतीला हाक मारीन" हे आलं पाहिजे. बऱ्याच जणी थेट छातीवर जातात.

सुई टोचली तर. बोट पिळायचं नाही. साबण-पाण्याने धुवायचं, लगेच इनचार्जला सांगायचं, नोंद करायची. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली तर जितकी लवकर तितकी बरी आणि ७२ तासांच्या आत. लपवणारी मुलगी आम्हाला नको असते.

कचरा. पिवळी, लाल, पांढरी, निळी. सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, काचेच्या व्हायली निळ्या डब्यात.

मग एखादा प्रसंग देतात: "नातेवाईक आरडाओरड करतायत, डॉक्टर ओटीत आहेत, काय कराल?" किंवा "डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं, नाव नीट ऐकू आलं नाही." इथे खरं उत्तर असतं "परत विचारीन, स्पेलिंग म्हणून दाखवीन, लिहून ठेवीन आणि आल्यावर सही घेईन." न येणाऱ्या प्रश्नाला "माहीत नाही मॅडम, सीनियरला विचारून करीन" हे म्हणणं कमीपणाचं नाही. ठोकून दिलेलं उत्तर मात्र आम्हाला लगेच कळतं, आणि पेशंटजवळही ही अशीच ठोकून देईल याची भीती वाटते.

मिरजेसाठी एक जादा गोष्ट. पेशंटांपैकी बरेच कानडी बोलतात. "एल्ली नोवु?" म्हणजे कुठं दुखतंय, नीरु म्हणजे पाणी, ऊटा म्हणजे जेवण. असे वीस-पंचवीस शब्द जुळवलेत तरी रात्रपाळी निभते. अथणीकडची आजी मराठीत विचारल्यावर नुसती मान हलवते. "ऊटा आयता?" म्हटलं की उपाशी आहे, की गोळी घेतली नाही, सगळं सांगते. बायोडाटात "कन्नड समजते" लिहिता आलं तर जरूर लिहा. पण खोटं लिहू नका, समोरची सिस्टर जतची असू शकते.

६. पगाराचं बोलताना

खासगीत सुरुवातीचा पगार कमी आहे, हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. खासगी हॉस्पिटलमधल्या परिचारिकांच्या पगारासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. तिची शिफारस अशी होती: २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर राज्य सरकारच्या परिचारिकेइतका पगार, १०० च्या वर असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० असतील तर फार तर २५ टक्के कमी, आणि ५० च्या खाली असतील तरी महिना २०,००० च्या खाली नाही. ती अंमलात आणायचं काम राज्यांवर सोडलं. आपल्याकडच्या पगारपत्रकांवर त्याचा फारसा परिणाम दिसत नाही. तरी हे आकडे माहीत असावेत, बोलताना आवाज खाली जात नाही.

आकड्याबरोबर हे विचारा आणि नेमणूकपत्रावर लिहून घ्या: ड्युटी आठ तासांची की बारा, महिन्याला नाइट किती, ऑफ किती, पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापतात का, ट्रेनी किती महिने आणि त्यानंतर पगार किती. ईएसआय महिना २१,००० पर्यंतच्या पगाराला लागू असतो. घरातल्यांच्या दवाखान्यालाही उपयोगी पडतो, म्हणून तो असलेली नोकरी हातात हजार रुपये कमी देत असली तरी परवडते. पगार रोखीने देणारं ठिकाण टाळा. बँकेत जमा झालेला पगार हाच पुढे तुमच्या अनुभवाचा पुरावा असतो.

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडून ये-जा करणार असाल तर रात्रीच्या शिफ्टची वेळ आणि शेवटची एसटी आधी जुळवून बघा. हॉस्टेल आहे असं सांगितलं असेल तर खोली स्वतः बघा, पाणी कधी येतं ते तिथल्या मुलींना विचारा.

७. इथे फसू नका

ओरिजिनल कागद ठेवून घेणं. हा सगळ्यात जुना सापळा. "सगळ्यांच्याच आमच्याकडे जमा असतात" असं सांगतात. पडताळणीसाठी ओरिजिनल दाखवा, समोर बसून, आणि परत घेऊन या. अगदीच अडलं तर कुठले कागद, कुठल्या तारखेला, कशासाठी, याची शिक्क्यासह पोच घ्या. कौन्सिलचं प्रमाणपत्र तरीही देऊ नका. सरकारी भरतीची पडताळणी चार दिवसांवर येते आणि कागद कपाटात, कपाटाची किल्ली सुट्टीवर गेलेल्या साहेबांकडे, असं घडलेलं आहे.

बॉण्ड. एक वर्षाचा बॉण्ड आणि सोडल्यास दोन पगार भरा, इथपर्यंत समजू शकतं. सही केलेला कोरा चेक किंवा कोरा स्टॅम्प पेपर कुणालाही देऊ नका. बॉण्डची प्रत स्वतःजवळ हवी. सरकारी नोकरी लागल्यास बॉण्ड माफ, ही ओळ घालून घ्यायचा प्रयत्न करा. कित्येक ठिकाणी मान्य करतात, फक्त कुणी विचारत नाही.

बिनपगारी ट्रायल. दोन-तीन दिवस काम बघणं ठीक. "पंधरा दिवस करून दाखवा, मग बघू" म्हणणाऱ्याला दर पंधरवड्याला नवी मुलगी मिळत असते.

पैसे मागणारे. नोकरीसाठी पैसे घेणारा, मग तो झेडपीत ओळख सांगो की मंत्रालयात, सोडून द्या. परदेशाचं आमिष दाखवणाऱ्याचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तपासता येतो. तसंही बाहेर जायला बहुतेक ठिकाणी अनुभव मागतात, तेव्हा पहिली दोन वर्षं इथंच काढायची आहेत.

८. सरकारीची तयारी नोकरी सांभाळून

"घरी बसून अभ्यास करते, सरकारीच घेते" असं म्हणणाऱ्या मुलींना माझा सल्ला एकच, बसू नका. सुईला हात लागून वर्ष झालं की भीती परत येते, आणि पेपरातला तांत्रिक भाग वॉर्डात असताना जास्त पक्का होतो.

दारं बरीच आहेत. राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी पदं जिल्हा परिषदेकडून आणि महापालिकेकडून निघतात. करार ११ महिने २९ दिवसांचा, स्टाफ नर्सला महिना २०,००० रुपये मानधन. निवड बरेचदा गुण आणि अनुभव यांच्या बेरजेवर होते, म्हणून तिथेही अनुभवपत्र लागतंच. सांगली, सातारा, कोल्हापूर या तिन्ही जिल्हा परिषदांच्या संकेतस्थळांवर आठवड्यातून एकदा नजर टाका. अर्जाची मुदत कधी कधी आठ-दहा दिवसांचीच असते. बीएस्सी झालेल्यांना उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी हा मार्गही आहे, मानधन २५,००० आणि कामावर आधारित १५,००० पर्यंत.

कायम पदांत अधिपरिचारिकेची (सरकारी स्टाफ नर्सची) वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४००. परीक्षेत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन आणि नर्सिंग असे भाग असतात. आपल्या मुली नर्सिंगमध्ये कमी पडत नाहीत, मराठी व्याकरण आणि बुद्धिमापनात मार खातात. रोज अर्धा तास त्यालाच द्या. एम्सला मूळ वेतन ४४,९०० पासून, पण पेपर इंग्रजीत आणि स्पर्धा देशभराची. ८० टक्के जागा महिलांना असतात, त्यामुळे ब्रदरनी त्या हिशेबाने तयारी करावी. वयोमर्यादा ३० आहे, हेही घरच्यांना सांगून ठेवा. रेल्वे आणि ईएसआयसीच्या जाहिराती अधूनमधून येतात.

९. पहिले तीन महिने

खिशात छोटी वही ठेवा. रोज तीन औषधं: नाव, कशासाठी, डोस, काय बघायचं. बाहेरून आलेल्या इंजेक्शनची व्हायल रिकामी झाली तरी लेबल वाचल्याशिवाय टाकू नका. हँडओव्हर घेताना खुर्चीवर बसून नाही, प्रत्येक खाटेजवळ जाऊन घ्या. सलाईन किती उरलंय, सुईची जागा सुजलीय का, युरिन बॅगेत किती आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी. मागच्या शिफ्टने "सगळं ओके आहे" म्हटलं आणि तुम्ही सही केली की पुढचं सगळं तुमच्या नावावर.

जे केलं ते लगेच लिहा, वेळेसकट. न केलेलं कधीच लिहू नका. सहाच्या टीपीआरचे (ताप, नाडी, श्वास) आकडे साडेपाचला एका दमात भरून ठेवलेले ओळखू येतात: सगळ्यांची नाडी ७८ आणि ८० असते.

मावशी आणि मामा लोकांशी नीट वागा. पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, त्याला न उठवता चादर कशी बदलायची, हे मला पुस्तकाने नाही, वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या मावशींनी शिकवलं. सीनियर ओरडतील. पेशंटवरून ओरडल्या तर ऐकून घ्या, त्यात शिकण्यासारखं असतं. तुमच्या जातीवरून, गावावरून किंवा अंगावरून बोलत असतील तर ऐकून घेऊ नका, मॅट्रनकडे लेखी द्या. लैंगिक त्रासाच्या तक्रारीसाठी दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणं कायद्याने बंधनकारक आहे. तिच्यात कोण आहे हे रुजू होतानाच विचारून ठेवा.

१०. सोडताना अनुभवपत्र

नोटीस लेखी द्या, प्रतीवर आवक शिक्का घ्या, नोटिशीचे दिवस पूर्ण भरा. भांडून, फोन बंद करून निघून जाणाऱ्या मुलींचा अनुभव वाया जातो, कारण वर्षभराने पत्र मागायला त्याच दारात जावं लागतं.

पत्रावर हे सगळं हवं:
- हॉस्पिटलचं लेटरहेड, पत्ता आणि हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांक
- मंजूर खाटांची संख्या
- तुमचं नाव कौन्सिलच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच, आणि तुमचा नोंदणी क्रमांक
- पद: "स्टाफ नर्स" (नुसतं "सिस्टर" किंवा "कर्मचारी" नको)
- रुजू झाल्याची आणि सोडल्याची पूर्ण तारीख, दिवस-महिना-वर्षासह
- कुठल्या विभागात किती काळ
- सही, सही करणाऱ्याचं नाव व पद, शिक्का, जावक क्रमांक

पत्राबरोबर नेमणूकपत्र, शेवटच्या पगाराची स्लिप आणि पीएफचा यूएएन (खाते क्रमांक) जपून ठेवा. काही भरतींत पगाराचा बँक उताराही मागतात. पत्र हातात पडलं की तिथंच उभं राहून वाचा. तारीख, खाटा, नावाचं स्पेलिंग, काही चुकलं असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या. सहा महिन्यांनी गेलात तर एचआरच्या खुर्चीत दुसरंच कोणीतरी बसलेलं असतं आणि त्यांना तुम्ही कोण हेही माहीत नसतं.